ओहोटीबरोबर गेलेले पाणी



आंबिवलीच्या अभ्यासवर्गात समुद्राच्या पाण्याचा विषय निघावा, हे अनेकांना चमत्कारिक वाटेल. आंबिवली स्टेशनावर उतरणाऱ्याला खारा वारा लागत नाही, कोळ्यांच्या होड्या दिसत नाहीत. दिसतात त्या चाळी, वसाहती आणि २००९ साली बंद पडलेल्या नॅशनल रेयॉन कारखान्याचे ओसाड आवार. समुद्राचा विचार वसई-उरणच्या मंडळींनी करावा, येथे पाणीपट्टी, घरे आणि कामगारांची थकलेली देणी हेच प्रश्न पुरेसे आहेत, असा आक्षेप कोणी घेतला तर तो वरवर रास्त ठरेल. परंतु मोहोने-आंबिवलीची वस्ती भरतीच्या वरच्या सीमेजवळ वसलेली आहे. येथून खाली उल्हास नदी ही केवळ नदी राहत नाही. दिवसातून दोनदा ती उलटी वाहते. ह्या उलट्या वाहण्याचा अर्थ ज्यांनी लक्षात घ्यायला हवा होता त्यांनी तो घेतला नाही, आणि त्याची किंमत भलत्याच लोकांनी मोजली.

प्रथम ह्या जलमार्गाचा नकाशा डोळ्यांपुढे आणणे आवश्यक आहे. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वाट काढत मोहोन्याच्या बंधाऱ्यापाशी येते. काळू आणि भातसा ह्यांचे पाणी कल्याणच्या वरच्या अंगाला तिच्यात मिसळते. अंबरनाथ आणि उल्हासनगर ह्यांची घाण पोटात घेऊन वालधुनी कल्याणजवळ तिला मिळते. पुढे दुर्गाडी किल्ला, डोंबिवली, मुंब्रा अशी वळणे घेत हा प्रवाह ठाण्याच्या उत्तरेस कशेळीच्या परिसरात पोचतो आणि तेथे त्याला दोन वाटा फुटतात. मोठी वाट घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जाते. दुसरी अरुंद वाट साकेतजवळून ठाण्याच्या खाडीत उतरते आणि ऐरोली, वाशी, तुर्भे ह्यांच्या कडेने मुंबई बंदरात मिळते. साष्टीचे बेट ह्या दोन वाटांच्या कवेत आहे. म्हणजे खाडी एकच, परंतु तिला समुद्राची तोंडे दोन, आणि भरती दोन्ही तोंडांतून आत शिरते.

कोळी आणि आगरी समाजाला हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. तिथीच्या पाऊणपट काढली की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब शाळेची पायरी न चढलेला नाखवाही तोंडी करतो. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, भांगात तो फारच कमी होतो. डोल जाळे लावणारा कोळी मासळीच्या मागे धावत नाही. प्रवाह कोणत्या घटकेला कोणत्या दिशेने किती जोराने धावेल हे ओळखून तो जाळे खुंटांना बांधतो व वाट पाहतो. खाडीतील पाण्याचे अभिसरण हा त्याच्या भाकरीचा विषय आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी ठेवल्या गेल्या, परंतु त्यांचा उपयोग मुख्यतः जहाजांसाठी झाला. सांडपाणी कोठे व केव्हा सोडावे हे ठरवताना त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

सांडपाणी सोडणाऱ्यांच्या मनात एक साधे चित्र असते. नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत, खाडीतून समुद्रात. घाण गेली, प्रश्न संपला. नगरपालिकेच्या कारभाऱ्यांपासून कारखान्यांच्या व्यवस्थापकांपर्यंत सर्वांनी ह्या चित्रावर विसंबून निर्णय घेतले. वाहत्या नदीपुरते हे चित्र निम्मेशिम्मे खरे आहे, खाडीला मात्र ते मुळीच लागू पडत नाही. हे का, ते एका उदाहरणाने समजून घेता येईल.

समजा, उन्हाळ्यात दुर्गाडीजवळ पूर्ण भरतीच्या क्षणी खाडीत एक लाकडी ओंडका टाकला. ओहोटी सुरू होते. प्रवाहाचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर सव्वासहा तासांच्या ओहोटीत ओंडका ११ किलोमीटरच्या आसपास खाली जाईल. काठावरून पाहणाऱ्याला वाटेल, गेला समुद्राला. परंतु तेवढ्यात भरती लागते आणि ओंडका जवळजवळ तेवढेच अंतर परत वर येतो. सव्वाबारा-साडेबारा तासांच्या एका फेऱ्यानंतर तो मूळ जागेपासून किती सरकला असेल? वरून येणाऱ्या गोड्या पाण्याने जेवढा ढकलला तेवढाच. त्या पाण्याची निव्वळ गती सेकंदाला एक सेंटिमीटर मानली तर एका फेऱ्यात सुमारे ४५० मीटर. वसईच्या मुखापर्यंतचे चाळीसएक किलोमीटर अंतर तोडण्यास अशा ८०-९० भरत्या लागतील, म्हणजे जवळपास दीड महिना. हे आकडे मोजणीचे नव्हेत, समजुतीसाठी घेतलेले आहेत; प्रत्यक्षात पाण्याची घुसळण होते, काही भाग लवकर सुटतो, काही भाग काठच्या खाजणात अडकून त्याहूनही अधिक काळ रेंगाळतो. पण हिशेबाचा गाभा बदलत नाही. सकाळी सोडलेले सांडपाणी सायंकाळी पुन्हा त्याच काठाला येते आणि त्यात सायंकाळचे नवे सांडपाणी मिसळते. उद्या त्यात उद्याचे. मंडळाचा अधिकारी नळाच्या तोंडाशी बाटली भरतो आणि प्रमाण मर्यादेत असल्याचा दाखला देतो. त्याच पाण्यात महिनाभराची शिल्लक साचत असते, तिचा उल्लेख दाखल्यात कोठेच नसतो.

हा धडा जगाला नवीन नाही. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज नकोसे झाले, तेव्हा जोसेफ बॅझलजेट ह्या अभियंत्याने शहराचे मैलापाणी मोठ्या गटारांतून पूर्वेकडे नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडण्याची योजना अमलात आणली. मध्य लंडनला दिलासा मिळाला, ह्यात शंका नाही. परंतु घाण समुद्रात गेली नाही, ती खालच्या पट्ट्यात पुढे-मागे हेलकावत राहिली. १८७८ साली प्रिन्सेस ॲलिस ही प्रवासी बोट त्याच पट्ट्यात बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे मेली, त्या वेळी त्या पाण्याची काय दशा झाली होती ह्याची जाहीर चर्चा झाली. पुढे मैल्यातील गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात नेणे भाग पडले. श्रीमंत वस्तीपुढची घाण गरीब वस्तीपुढे नेली, एवढेच मूळ योजनेने साधले होते, असे म्हटल्यास फार कठोर ठरणार नाही.

जपानमधील मिनामाताची कथा ह्याहून भीषण आहे. चिस्सो कंपनीचे पारायुक्त सांडपाणी बंदिस्त उपसागरात सोडले जात होते. तेथील मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत मज्जासंस्थेचा भयंकर रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेला. बोभाटा झाल्यावर १९५८ मध्ये कंपनीने काय केले? पारा थांबवला नाही. सांडपाण्याचे तोंड उपसागरातून काढून नदीच्या मुखाशी नेले. पाण्याने आपले काम केले. रोग उपसागराबाहेर किनाऱ्यावरील इतर गावांत पसरला. ‘नळ पुढे नेऊन खोल पाण्यात सोडा’ हा उपाय ठाणे जिल्ह्यातही वारंवार सुचवला जातो. त्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. जैविक घाणीच्या बाबतीत योग्य जागी, योग्य घटकेला सोडलेले शुद्ध केलेले पाणी लवकर विरते, हे खरे आहे. परंतु न कुजणाऱ्या विषाला हा उपाय लागू नाही, कारण ते विरळ झाल्याने नाहीसे होत नाही. गाळात आणि मासळीत ते पुन्हा एकवटते.

येथे आंबिवलीचा संबंध थेट येतो. कल्याण-शहाड-आंबिवलीच्या पट्ट्यात रेयॉनचा धंदा उभा राहिला. नॅशनल रेयॉनची स्थापना १९४६ ची. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो आणि तो बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जाई. आंबिवलीजवळ काळू नदीच्या पाण्यात व गाळात पारा असल्याचे मुंबईच्या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी गेल्या शतकातील सत्तर-ऐंशीच्या दशकांत दाखवून दिले होते. मिनामाताशी तंतोतंत तुलना करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथील पाऱ्याचे रूप वेगळे होते आणि तसा रोग येथे नोंदवला गेलेला नाही. मात्र गाळात बसलेल्या पाऱ्यावर सूक्ष्म जीवांची क्रिया होऊन त्याचे अधिक घातक रूप तयार होऊ शकते, एवढे विज्ञान निश्चितपणे सांगते.

आणि तो गाळ कोठे जातो? समुद्रात गेला असेल, असे समजण्याची पुन्हा तीच चूक होते. अशा निमुळत्या, उथळ खाड्यांतून भरतीची लाट वर चढताना तिचे रूप बदलते. भरती कमी वेळात जोराने येते, ओहोटी अधिक वेळ संथपणे उतरते. जोराच्या पाण्यात गाळ उचलून वर आणण्याची शक्ती असते, संथ पाण्यात तो सगळा परत नेण्याची नसते. फेऱ्यामागून फेरा गाळ आतल्या अंगाला सरकत राहतो. पेरिप्लस ह्या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात बंदर म्हणून उल्लेखलेले आणि शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या आरंभाशी जोडलेले कल्याण आज मोठ्या गलबतांना दुरापास्त आहे, त्याच्या कारणांत हे एक आहे. पावसाळ्यातला लोंढा दरवर्षी बराच गाळ झाडून नेतो, परंतु सगळा नाही. त्यातच बेकायदा रेती उपसणारे सक्शन पंप बसलेला गाळ पुन्हा ढवळून काढतात. तळाशी गाडलेले जुने पाप असे पुन्हा पाण्यात येते.

नॅशनल रेयॉन बंद पडला तो नदी वाचवण्यासाठी नव्हे. आर्थिक डबघाईने तो बंद पडला, हजारो कामगार रस्त्यावर आले आणि त्यांची देणी वर्षानुवर्षे थकली. कामगाराचा रोजगार गेला आणि कोळ्याची खाडी सुधारली, असेही झाले नाही. ज्या काळात कारखाना चालत होता त्या काळात ‘प्रदूषणाची ओरड केली तर कामगारांच्या पोटावर पाय येईल’ असे सांगून दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केले जात असे. कामगार चळवळीने त्या वेळी सांडपाण्याचा प्रश्न आपल्या मागण्यांच्या यादीत फारसा घेतला नाही, हे नमूद केलेच पाहिजे. २०२५ मध्ये त्या परिसरात सिमेंट दळण्याच्या कारखान्याचा प्रस्ताव आला आणि रहिवाशांनी विरोधाचा आवाज उठवला. तेथील वाद प्रामुख्याने धुळीचा आहे. पण त्या आवारालगत नदी आहे आणि नदीच्या तळाशी जुना गाळ आहे, ह्याचाही विचार ह्या निमित्ताने झाला तर तो योग्यच होईल.

ठाण्याच्या खाडीची स्थिती आणखी वेगळी आहे. दक्षिणेकडे बंदराशी ती रुंद आहे आणि ठाण्याकडे निमुळती होत जाते. उल्हासशी जोडणारी उत्तरेची वाट इतकी अरुंद व उथळ आहे की कोरड्या दिवसांत खाडीच्या माथ्याला ताजे पाणी नाममात्र मिळते. बंदरातून आलेली भरती वर चढते, अडते आणि आले तेच पाणी मागे जाते. बंदराजवळचा भाग बराच धुतला जातो, माथा मात्र कुंठित राहतो. ह्याच खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर गेल्या शतकात ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा वसवण्यात आला आणि पश्चिम किनाऱ्यावर मुंबई-ठाण्याचे मैलापाणी व क्षेपणभूमी आली. जागा निवडताना जमिनीचा भाव, रेल्वे आणि रस्ता ह्यांचा विचार झाला. पाणी तेथे किती दिवस थांबते, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसावा. आज त्या खाडीला २०१५ पासून रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा आणि २०२२ पासून रामसर स्थळाचा दर्जा आहे. रोहित पक्षी आले म्हणजे खाडी निरोगी झाली, असा अर्थ वर्तमानपत्रे उत्साहाने काढतात. मैलापाण्यावर पोसणाऱ्या शेवाळामुळेही हे पक्षी गर्दी करू शकतात. कोळ्याला विचारावे, जिताडा किती मिळतो. खाडीची प्रकृती त्या उत्तरातून अधिक नेमकी कळेल.

अभिसरणाला बळ देणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींवर घाला पडत आहे. पहिली गोष्ट काठावरच्या सखल जागा. भरतीला खाडीत जितके पाणी शिरते तितकेच ओहोटीला जोराने बाहेर पडते, आणि त्या जोरावरच पात्र स्वच्छ राहते. तिवरांची जंगले, खाजणे, मिठागरे ही त्या पाण्याला सामावणारी जागा. भराव घालून ती बुजवली की शिरणारे पाणी कमी, परतीचा जोर कमी, गाळ अधिक, पात्र उथळ. मग पूर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. दुपारच्या भरतीने तोंड अडवलेले असताना पाणी जाणार कोठे? त्या दिवशी कल्याण-बदलापूरनेही तोच अनुभव घेतला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ व २०१८ साली तिवरतोडीविरुद्ध कडक आदेश दिले, तरीही रात्रीत डेब्रिजच्या गाड्या रित्या होतात, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वरून येणारे गोडे पाणी. मघाच्या उदाहरणातील ओंडक्याला समुद्राकडे ढकलणारी शक्ती हीच. उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते ती मुख्यतः भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. १९२२ साली सुरू झालेले हे केंद्र मावळातील आंध्रा धरणाचे पाणी सह्याद्रीच्या ह्या बाजूला उतरवते. म्हणजे भीमा खोऱ्याचे पाणी कोकणात येते आणि त्यावर ठाणे जिल्ह्यातील शहरे तहान भागवतात. शहरे ते बंधाऱ्यांवरच उचलतात. भातसेचे पाणी मुंबईला जाते. बंधाऱ्याखाली उरते ते प्रामुख्याने सांडपाणी. अशा स्थितीत मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. तेथील आदिवासी गावांनी दीर्घ लढा दिला, २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. त्या लढ्यात बुडणारी गावे व जंगल हा मुद्दा केंद्रस्थानी आहे आणि असायलाच हवा. परंतु काळूचे पाणी अडवल्यास आंबिवलीपासून वसईपर्यंतच्या खाडीला धुणारे पाणी किती घटेल, हा प्रश्न त्याला जोडला गेला पाहिजे. मग मुरबाडचा ठाकर-कातकरी आणि वसईचा कोळी एकाच मागणीवर उभे राहतील. धरण समर्थक म्हणतील, समुद्रात ‘वाया’ जाणारे पाणी अडवतो. खाडीत गेलेले पाणी वाया जाते हे गृहीतच तपासायला हवे.

राज्याचा कायदा ह्या सर्वांकडे कसा पाहतो? जलप्रदूषणाविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्राने १९६९ साली केंद्राच्याही आधी पाऊल टाकले, हे श्रेय द्यायला हवे. परंतु कारभार तुकड्यांत वाटला गेला. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, ठाणे, वसई-विरार ह्या महापालिका वेगळ्या, अंबरनाथ-बदलापूरच्या नगरपालिका वेगळ्या, औद्योगिक महामंडळ वेगळे, मेरीटाइम बोर्ड वेगळे, पाटबंधारे खाते वेगळे. भरती ह्यांपैकी कोणाचीही हद्द मानत नाही. त्याहून मौजेची गोष्ट किनारा नियमन क्षेत्राच्या सीमेची आहे. २०११ च्या अधिसूचनेनुसार खाडीत हे क्षेत्र कोठवर धरायचे, ते वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी पाच भाग कोठवर आढळते त्यावर ठरते. म्हणजे संरक्षणाची रेषा पाण्याच्या अभिसरणानेच आखली जाते. बंधाऱ्यातून जादा पाणी सोडलेल्या दिवशी किंवा भांगाच्या ओहोटीला मोजणी केली, तर रेषा खाली सरकेल आणि तिच्या वरची जमीन बांधकामाला मोकळी होईल. त्या रेषेच्या वर नदीकाठाला संरक्षण देणारे राज्याचे नदी नियमन क्षेत्र धोरण होते, ते २०१५ साली रद्द करण्यात आले. खाली २०१९ च्या अधिसूचनेने खाडीकाठचा नियंत्रित पट्टा १०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. आंबिवली-मोहोने नेमके ह्या दोन्हींच्या सांध्याजवळ आहे.

ज्ञान उपलब्ध नाही, अशी सबब शासनाला देता येणार नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून उभे आहे आणि मुंबई बंदराच्या भरतीच्या प्रतिकृती तेथे बांधल्या गेल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईतील केंद्र ह्या खाड्यांचा अभ्यास अनेक दशके करीत आहे. ठाण्याच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी खाडीतील जीवसृष्टीच्या नोंदी ठेवल्या आहेत. उणीव आहे ती हे ज्ञान लोकांच्या हाती येण्याची. पूल, जेट्टी किंवा नळ टाकणारी संस्था पैसे देऊन अहवाल करवून घेते, अहवाल परवानगीपुरता वापरला जातो आणि जाड पुठ्ठ्यांत बंद होतो. इंग्रजीत असतो, हे वेगळे सांगायला नको. जनसुनावणीत कोळीवाड्यातील म्हाताऱ्याने ‘येथे पाणी फिरत नाही, साहेब’ असे म्हटले तर त्याची नोंद ‘स्थानिकांच्या भावना’ ह्या सदरात होते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. मोहोन्यापासून वसई आणि वाशीपर्यंतच्या पाण्यासाठी एकच जबाबदार प्राधिकरण, आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी. प्रत्येक सांडपाण्याच्या परवान्यात त्या जागी पाणी किती दिवस थांबते ह्याची नोंद. मर्यादा त्यानुसार ठरावी, उन्हाळ्याची वेगळी, पावसाळ्याची वेगळी. बंधाऱ्यांखाली खाडीसाठी किमान गोडे पाणी सोडण्याचे बंधन. गाळाची तपासणी आणि तिचे निष्कर्ष मराठीत. क्षारतेच्या मोजणीची तारीख, तिथी व वेळ आधी जाहीर करून लोकांच्या समक्ष मोजणी.

ह्यांतील शेवटच्या गोष्टीसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. क्षारता मोजण्याचे साधे उपकरण कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असते. वैशाखाच्या अमावास्येला उधाण असते आणि नदी सर्वांत रोडावलेली असते. त्या दिवशी मोहोन्याचा बंधारा, काळूचा संगम, गांधारीचा पूल, दुर्गाडी आणि मोठागाव अशा पाच ठिकाणी दोन-दोन कार्यकर्त्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाला पृष्ठभागाचे आणि तळाचे पाणी बाटलीत घ्यावे, वेळ लिहावी, पाणी कोणत्या दिशेला वाहत आहे ते लिहावे. तळाचे पाणी घेण्यासाठी दगड बांधलेली बाटली आणि बुचाला दोरी पुरते. कोळीवाड्यातील कोणीही ते करून दाखवील. होडीही त्यांच्याकडूनच घ्यावी, आणि दिवसाची मजुरी ठरवून द्यावी.